एका नावावर दोन भाऊ

"नाव वापरल्यानं झिजतंय व्हय?"

हे वाक्य माझे थोरले चुलते मारुती भगवान तांबारे यांनी १९७७ साली, परांडा तालुक्यातल्या आमच्या गावी, तापाने अंथरुणाला खिळलेले असताना आपल्या धाकट्या भावाला म्हटलं. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं माझ्या वकील स्नेहल यांनी मला सांगितलं आहे. "ताई, आधी नाव, वय, पत्ता," असं त्या म्हणाल्या. पण माझं नाव लिहायला घेतलं की आधी हेच वाक्य आठवतं, म्हणून ते वर राहू दिलं. आता रीतीप्रमाणे लिहिते.

मी, विजयश्री मारुती तांबारे, वय पंचेचाळीस, अविवाहित, नोकरी चाकणमधल्या वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत, राहणार पुनावळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी भरीला घातलेलं नाही. भरीला घालण्याइतकं जवळ सध्या कोणी नाही. येत्या सोमवारी माझी गर्भाशयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, साधी आहे. असेल. पण रुग्णालयाच्या फॉर्मवर 'जवळच्या नातेवाइकाचे नाव' या रकान्यापाशी मी इतका वेळ थांबले की काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ते नंतर भरा." तो रकाना अजून कोरा आहे. त्याआधी हे लिहून व्हावं. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. माझ्या नावाविषयी

माझ्या नावातले मारुती हे माझे वडील नव्हेत. माझ्या वडिलांचं नाव चिमाजी. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो आणि त्यांचे थोरले भाऊ मारुती यांना तात्या.

तात्या दहावी पास होते आणि सोलापूरच्या आयटीआयमधून फिटर होऊन आले होते. आप्पांची शाळा सहावीत सुटली होती. चिंचवडच्या एका कंपनीने तात्यांना बोलावलं, तेव्हा त्यांना विषमज्वर झाला होता. हजर व्हायला आठ दिवस उरले होते. तात्यांनी शाळेचा दाखला, आयटीआयचं प्रमाणपत्र आणि कंपनीचं पत्र एका पिशवीत घालून आप्पांच्या हातात दिलं. "माझ्या नावावर जा. मी बरा झालो की येतो, मग तू माघारी ये." आप्पा घाबरले. तेव्हा तात्या ते वर लिहिलेलं वाक्य बोलले. आप्पा हा प्रसंग आम्हाला पुष्कळदा सांगायचे, आणि दर वेळी या वाक्याशी येऊन थांबायचे. पुढचं सांगायचे नाहीत.

पुढचं असं, की आप्पा छत्तीस वर्षं त्याच कंपनीत राहिले. गेटच्या आत मारुती, घरी चिमाजी. तात्या बरे होऊन पिंपरीला आले तेव्हा त्यांच्या नावाचा माणूस कामावर कायम व्हायला आला होता. त्याच कागदांवर दुसरीकडे अर्ज केला असता तर दोघे भाऊ अडकले असते. आप्पांनी नोकरी सोडावी, असं तात्या म्हणाले नाहीत. आप्पांनीही विचारलं नाही. तोवर आप्पांचं लग्न ठरलेलं होतं. प्रमाणपत्र असलेला फिटर पिंपरीच्या मंडईत पोती उचलायला लागला.

शाळेत माझ्या वडिलांचं नाव मारुती लावलं, कारण कंपनीच्या कागदांशी ते जुळायला हवं होतं. तात्यांच्या मुलीच्या, स्वरूपाच्या, वडिलांचं नावही मारुतीच. तिचं मात्र खरं होतं. आम्ही दोघी आकुर्डीच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. तिसरीत बाईंनी हजेरीपट पाहता पाहता बोटं मोजली आणि विचारलं, "काय गं, तुम्ही सख्ख्या बहिणी ना? मग एकीचा जन्म जानेवारीतला आणि दुसरीचा मेमधला कसा?" स्वरूपा उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमची आई घाईत असते."

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. त्या दिवसापासून ती माझी सख्खी बहीण झाली, ती पुढची अकरा वर्षं.

कलम २. घर

पुनावळ्याचा माझा फ्लॅट (एक खोली, बैठक, स्वयंपाकघर, आणि ज्या गॅलरीतून हमरस्ता दिसतो ती गॅलरी) तात्यांच्या पत्नी सोजराबाई, ज्यांना मी मोठी आई म्हणते, यांना द्यावा. त्यांच्या पश्चात तो स्वरूपाचा व्हावा. मोठी आई म्हणेल, "लिफ्टच्या घरात मी न्हाई राहत बाई, मधीच बंद पडली तर?" तसं म्हटलं तर फ्लॅट भाड्याने द्यावा, पण नाव तिचंच लागावं. भाडेकरू शाकाहारी आहेत का, लग्न झालेलं आहे का, असले प्रश्न विचारू नयेत. एकट्या बाईला तर मुळीच नाकारू नये. हे घर मिळण्यापूर्वी रावेत आणि वाकडमध्ये मला अकरा घरमालकांनी नाकारलं होतं.

माझा धाकटा भाऊ नवनाथ याला या घरात हिस्सा नाही. आई आणि आप्पा गेल्यावर त्याला आप्पांचं पिंपळे गुरवचं घर मिळालेलं आहे. त्या घरावरचा माझा हक्क मी चहा पिता पिता सही करून सोडला. नवनाथने कागद पुढे सरकवला आणि बिस्किटांची बशीसुद्धा. मला राग त्या बशीचा आला होता. हे त्याला कधी बोलले नाही, आता लिहून ठेवते, म्हणजे संपलं.

कलम ३. अवजारं आणि एक वस्तू

माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात पत्र्याची पेटी आहे. तिच्यात तीन कानशी, एक करवत, काटकोन बघायचा गुण्या आणि जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला लोखंडी जॉब आहे. ही पेटी तात्यांची. आयटीआयच्या परीक्षेत फिटरला लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायला सांगतात. बसवून उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला की नापास. तात्यांच्या जॉबमधून आजही उजेड दिसत नाही. मी दर वर्षी एकदा खिडकीपाशी धरून बघते.

हा जॉब घेऊन आप्पा कंपनीत गेले होते. फोरमनने तो उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "हात चांगला आहे राव तुझा." आप्पांना तेव्हा कानस धरायलासुद्धा येत नव्हती. पुढे तात्या पिंपरीला आल्यावर संध्याकाळी चाळीच्या ओट्यावर आप्पांना शिकवायचे. "दाबू नको. पुढं जाताना जोर, माघारी येताना हलकं." मंडईतून आलेल्या माणसाच्या खांद्यावर पोत्यांचे वळ, आणि तो कंपनीतल्या माणसाला फिटरचं काम शिकवतोय, हे मी तीन-चार वर्षांची असताना पाहिलेलं मला आठवतं. कंपनीत काही अडलं की आप्पा घरी येऊन खडूने जमिनीवर आकृती काढायचे. तात्या वाकून बघायचे आणि पायाच्या अंगठ्याने एखादी रेघ पुसायचे. "हितं चुकतंय तुमच्या इंजिनेराचं." १९९१ साली आप्पांना उत्कृष्ट कामगाराचं घड्याळ मिळालं, ते तात्यांनी पुसलेल्या अशाच एका रेघेबद्दल. घड्याळावर 'श्री. मारुती तांबारे' असं कोरलं होतं. तात्या टाळ्या वाजवायला आले होते.

पेटी आणि जॉबचे दोन्ही तुकडे स्वरूपाला पोचवावेत. हे देणं म्हणून धरू नये. तिच्या वडिलांची वस्तू आमच्या घरी राहिली होती, ती परत जाते आहे.

घड्याळ नवनाथला. ते बंद आहे.

कलम ४. माझ्या हातून झालेलं

हे कलम गाळावं, असं स्नेहल यांचं मत आहे. "हा कबुलीजबाब होतो, ताई." होऊ दे.

ऑगस्ट १९९९ मध्ये तात्या मंडईत पोतं खाली ठेवता ठेवता गेले. वय चव्वेचाळीस, माझ्याहून आज एक वर्षाने लहान. दुसऱ्या दिवशी मृत्यूची नोंद करायला आप्पा मला बरोबर घेऊन गेले. मी एकोणीस वर्षांची होते. आप्पांनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "विजू, तुझं अक्षर चांगलंय. लिही." पहिलाच रकाना मयताच्या नावाचा. मी 'मा' लिहिणार, तेवढ्यात आप्पा हळूच म्हणाले, "चिमाजी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. त्या वर्षी कंपनीत माणसं कमी करणं चाललं होतं. मारुती तांबारे मेल्याचा कागद कुणी टाइम ऑफिसला नेऊन दिला असता, तर जिवंत मारुती तांबारे कोण, हे आप्पांना सांगता आलं नसतं. "चौदा वर्षं राहिलीत गं," एवढंच ते म्हणाले. मी चिमाजी लिहिलं. वळणदार, चांगल्या अक्षरात.

पंधरा दिवसांनी स्वरूपा घरी आली. तिच्या हातात दाखला होता. आप्पा शिफ्टला गेले होते.

"फॉर्म कुणी भरला?"

"मी."

"मला वाटलं काकांनी भरला असंल. त्यांचं मी समजून घेतलं असतं." दाखल्याची घडी घालून ती उठली. दारात चप्पल घालताना म्हणाली, "माझा बाप मेला विजे, आणि मेल्याची नोंदसुद्धा त्याच्या वाट्याला आली नाही."

पुढे मोठी आई विधवांच्या मदतीचा अर्ज करायला गेली, तेव्हा कारकुनाने कागद पाहिले. "मावशी, तुमचे मालक तर हयात आहेत. कंपनीत कामाला दिसतायत." मोठी आई त्याला म्हणाली, "मंग त्यांला सांगा, एकांद्या दिशी घरी बी या म्हनावं." हे मला तिनेच सांगितलं, हसत, २०१६ मध्ये, आप्पांच्या दहाव्याला. आप्पांच्या मृत्यूची नोंद मारुती या नावाने झाली. म्हणजे तात्या आप्पांच्या नावाने गेले आणि आप्पा तात्यांच्या. दहाव्याला स्वरूपा आली नव्हती.

कलम ५. किरकोळ

पुस्तकं समोरच्या फ्लॅटमधल्या भिमाबाईंच्या मुलाला, बुद्धभूषणला. त्याने मागितलेली आधी द्यावीत, उरलेली त्याच्या गळ्यात मारावीत. धुलाई यंत्र भिमाबाईंना. तळाशी चिंधी लावावी लागते, ती त्यांना माहीत आहे. बँकेतल्या ठेवीतून रुग्णालयाचं आणि अंत्यविधीचं भागवावं, उरेल ते मोठ्या आईला. माझ्या मृत्यूचा फॉर्म स्नेहल यांनी भरावा आणि वडिलांच्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं ते कायद्याला विचारून ठरवावं. मला ते कधी ठरवता आलं नाही.

कलम ६. कादंबरी

मी गेली बावीस वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि सुरक्षेच्या पाट्या मराठीत करते. 'चालू यंत्रात हात घालू नका.' 'शंका असल्यास यंत्र बंद करा.' चाकणच्या अनेक शॉपफ्लोअरवर माझी वाक्यं लावलेली आहेत. त्यांखाली नाव नसतं, आणि ते मला बरं वाटत आलं.

२०१४ पासून मी या दोन भावांवर कादंबरी लिहीत होते. दर गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, त्या दिवशी. पाचशेहून अधिक गुरुवार. सुरुवात करण्याआधी मी स्वरूपाकडे गेले होते. ती चाकणला कामगारांसाठी मेस चालवते. फलकावर 'मारुतराव घरगुती मेस' असं लिहिलेलं आहे. लोकांना ते देवाचं नाव वाटतं. आमची कंपनीची बस सकाळी आणि संध्याकाळी त्या फलकावरून जाते आणि मी तो दोन्ही वेळा वाचते. त्या दिवशी मी बसमधून तिथेच उतरले. तिने मला गिऱ्हाइकासारखं बसवलं, ताट वाढलं.

"स्वरूपा, मी लिहायला घेतेय. तात्यांवर."

तिने पोळी ताटात ठेवली. "लिही की. तुझं अक्षर चांगलंय."

आणि पुढच्या टेबलाकडे गेली. आमटी तिखट होती. अगदी मोठ्या आईच्या हातची. मी ताट पुसून खाल्लं आणि परत कधी तिथे उतरले नाही.

यंदा २५ सप्टेंबरला, गुरुवारी दुपारी पावणेचार वाजता कादंबरी संपली. तीनशे अठरा पानं. मी उठून भांडी घासली. मग नवनाथला फोन केला.

"ताई, मीटिंगमध्ये आहे. अर्जंट आहे का?"

"नाही."

स्वरूपाचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. तिच्या फोनवर माझं नाव उमटलं असतं की नुसते आकडे, हे मला माहीत नाही. मग समोरचं दार वाजवलं. भिमाबाई मेथी निवडत होत्या.

"काकू, माझी कादंबरी झाली लिहून."

"अगं बाई! बस, चहा टाकते. कुणाची गोष्ट हाय?"

"आमच्या घरचीच."

"घरच्यांना विचारलंस?"

मी त्यांच्याबरोबर मेथी निवडत बसले. एवढाच तो समारंभ.

नवनाथला पुढच्या रविवारी सांगितलं, तेव्हा तो उभाच राहिला. "आप्पांना आता मेल्यावर कामावरून काढायचंय का तुला? कॉलनीत तोंड कसं दाखवू मी?" त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. आप्पा वाईट नव्हते. कादंबरीतही ते वाईट नाहीत. पगाराच्या दिवशी ते आधी तात्यांच्या दारात मिठाईचा पुडा ठेवायचे आणि मग आमच्याकडे यायचे. तो पुडा ठेवताना ते खोलीच्या आत कधी गेले नाहीत, हे मी पहिल्यांदा कादंबरी लिहितानाच पाहिलं.

म्हणून असं ठरवते: कादंबरीची छापील प्रत निळ्या फायलीत, पेटीशेजारी आहे. दुसरी संगणकात आहे, त्याचा परवलीचा शब्द स्नेहल यांच्याकडे बंद पाकिटात आहे. या लेखनाचे सर्व हक्क मी स्वरूपा मारुती तांबारे हिला देते. तिने छापावी, छापू नये, जाळावी, किंवा मेसमध्ये गिऱ्हाइकांना पोळ्या बांधून द्यायला वापरावी. नवनाथने किंवा आणखी कोणी तिला अडवू नये. छापली तर लेखिका म्हणून माझं नाव घालायचं की नाही, तेही तिनेच ठरवावं. कोणतीही अट नाही. हे नाव आमच्या घराने न विचारता वापरलं, असं मी म्हणणार नाही. तात्यांनी ते हौसेने दिलं होतं. पण परत मागायची वेळ आली तेव्हा त्यांना तोंड उरलं नव्हतं, आणि आम्ही ते ओळखून गप्प राहिलो.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील स्नेहल यांनी करावी.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः वाचून, दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली आहे, आणि त्यांनी माझ्यादेखत केली आहे. भिमाबाईंनी सही करण्याआधी विचारलं, "ह्यात मी काय कबूल करतेय?" मी म्हटलं, "मी शुद्धीवर आहे एवढंच." त्या म्हणाल्या, "ते हायेस. जेवलीस का ते सांग."

(सही) विजयश्री मारुती तांबारे

साक्षीदार:
१. (सही) भिमाबाई विलास सोनकांबळे, गृहिणी, पुनावळे
२. (सही) धनेश चिंधू कोयते, कंपनीतील सहकारी, चाकण

स्थळ: पुनावळे
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५, गुरुवार

स्वरूपा,

सहीच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत, असं स्नेहल म्हणतात. म्हणून हे इथे लिहिते. हे तुझ्यावर कुणी लादू शकणार नाही.

तीनशे अठरा पानांत तात्यांचं नाव कुठेही नाही. वर या कागदावर लिहिलं, ते कायद्याला लागतं म्हणून. तिथे मात्र मला जमलं नाही. मारुती लिहिलं की आप्पांचं घड्याळ दिसायचं, आणि चिमाजी लिहिलं की तो फॉर्म. अकरा वर्षं मी त्यांना नुसतं 'तो' म्हणत राहिले. वाचणाऱ्याला वाटेल, ही लेखनाची रीत आहे.

सुरुवातीचं अर्पणाचं पान मी कोरं ठेवलं आहे. त्याच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीची खूणसुद्धा केलेली नाही. तिथे तुझ्या वडिलांचं पूर्ण नाव तू लिही. शाईने, तुझ्या अक्षरात, शाळेत बाई ज्याला कोंबडीचे पाय म्हणायच्या त्याच अक्षरात. तू नाही म्हणशील. फायलीला हातही लावणार नाहीस, आणि लावलास तर म्हणशील, तूच लिहायचं होतंस, तुझं अक्षर चांगलंय. ते मी आत्ताच ऐकते आहे. तरी मागते: तेवढं एक नाव लिहून दे.